काचेवरचे ठिपके

शेजारच्या फाटकाला फवाऱ्याने रंग दिला आणि वाऱ्याने त्याचे पांढरे कण माझ्या वडिलांच्या गाडीवर बसले. सकाळपासून मी आणि अण्णा दोघं घासत होतो. साबणाचं पाणी लावून मी ब्लेडने काच खरवडली, पत्र्यावर रंग उचलणारी मऊ वडी फिरवली. शेवटी तळहात फिरवला, तर सगळं गुळगुळीत.

“अगं, इथे राहिलेत बघ ठिपके,” अण्णा काचेवर बोट ठेवून म्हणाले.

तिथे काहीच नव्हतं. त्यांची नजर आता सुधारणार नाही, हे डॉक्टरांनी मला एकटीलाच सांगितलं होतं. अण्णांना सांगायचं धाडस मला झालं नव्हतं. जिथे डाग नाहीच, तिथे माणसं किती घासत राहत असतील!

“दिसले ना?”

“हो अण्णा,” मी म्हणाले आणि स्वच्छ काच पुन्हा घासू लागले.