मागच्या दाराचं कुलूप

संघमित्रा चंद्रिकापुरे नागपूरच्या सरकारी दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स होती. तिची पावलं वाजली की खाटांवर बसलेले नातेवाईक आपसूक उठून उभे राहत. पंचाण्णव साली तान्ह्या मुलीला घेऊन ती नवऱ्यामागून अमेरिकेत आली, तेव्हा विमानतळावरच्या माणसाने पासपोर्टवर शिक्का मारता मारता सांगितलं, "या व्हिसावर तुम्हाला काम करता येणार नाही." तिने मान डोलावली. वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न असेल, असं तिला वाटलं.

पूर्व किनाऱ्यावरच्या पिस्कॅटवे गावात असेपर्यंत ते फारसं बोचलं नाही. खालच्या मजल्यावर शोभाकाकू होत्या, कोपऱ्यावरून बस मिळायची, भाजी आणायला चालत जाता यायचं. एप्रिलमध्ये कुणाच्या तरी कम्युनिटी हॉलमध्ये जयंती व्हायची, तेव्हा शंभर माणसांचा भात तीच लावायची. मग अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला विवेकला ॲरिझोनात, फिनिक्सजवळच्या एका चिप कारखान्यात सॉफ्टवेअरचं काम मिळालं आणि त्यांनी भाड्याने नवं कोरं घर घेतलं.

ते वसाहतीतलं शेवटच्या रांगेतलं शेवटचं घर होतं. शेजारची दोन घरं रिकामी होती, त्यापुढची अजून लाकडी सांगाड्यातच उभी. मागे कुंपण घातलेलं नव्हतं. अंगणातली खडी संपली की सरळ वाळवंट सुरू व्हायचं; माणसापेक्षा उंच निवडुंग, काटेरी झुडपं, लांबवर तांबडे डोंगर. सर्वांत जवळचं दुकान गाडीने दहा मिनिटांवर होतं. गाडी एकच, आणि ती विवेक सकाळी घेऊन जायचा. संघमित्राला चालवता येत नव्हती.

"उन्हाचं काय करशील गं?" आईने फोनवर विचारलं.

"नागपूरच्या माणसाला उन्हाची काय भीती?" ती म्हणाली. पण नागपूरच्या उन्हात रस्त्यावर माणसं तरी असतात.

पहिल्या महिन्यात तिला सोबत मिळाली ती मागच्या दाराशी. स्लाइडिंगचं काचेचं दार सरकवून ती पायरीवर चहा घेऊन बसायची, मांडीवर चार वर्षांची उपासना. लाव्यांची रांग समोरून तुरुतुरु जायची. पुढे आई, मागे सुपारीएवढी पिल्लं. लांब शेपटीचा एक पक्षी उडायचं सोडून पळतच सुटायचा. "रोडरनर, आई! लाइक ऑन टीव्ही!" उपासना ओरडायची. संध्याकाळी कायोटी भुंकायचे, कोल्हेकुईसारखेच, पण लहान मुलांच्या भांडणासारखे चढत जाणारे. तिने मेथी आणि वांगी लावली होती. एके सकाळी रानडुकरासारख्या दिसणाऱ्या हॅवेलिनांचा कळप आला आणि वांग्याची रोपं मुळासकट खाऊन गेला. संघमित्रा काचेमागून बघत राहिली आणि चक्क हसली. आपल्या घरी कोणी तरी येऊन जेवून गेलं, एवढं तिला बरं वाटलं.

विवेकला मात्र यातलं काहीच आवडत नव्हतं. बूट झटकून घालायचे, पलंग भिंतीपासून दूर ठेवायचा, असे त्याचे नियम होते. त्याला कारणही होतं. उमरेडजवळच्या त्यांच्या गावी त्याचा धाकटा भाऊ मोरेश्वर साप चावून गेला होता. विवेक तेव्हा दहा वर्षांचा होता आणि भाऊ त्याच्याबरोबरच तणसाच्या ढिगावर खेळत होता. हे त्याने लग्नानंतर तिला एकदाच सांगितलं होतं, तेही भिंतीकडे तोंड करून.

मे महिन्याच्या एका संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा उपासना दारातच त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या हातात सापाची कात होती. मागच्या पायरीखाली तिला सापडली होती. शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, कागदासारखी पातळ.

"बाबा, लुक! रिबन!"

विवेकने ती तिच्या हातातून हिसकावली. मग तो न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून एक कुलूप आणलं, काचेच्या दाराच्या रुळात बसवलं आणि किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली.

"फक्त उन्हाळाभर, मित्रा," तो म्हणाला.

"किल्ली घरात ठेवा ना. मी काय पोरीला सापाच्या तोंडी देणार आहे?"

"तू नाही देणार. पण तू दार उघडशील. मला माहीत आहे तू उघडशील."

तो ओरडला असता तर ती भांडली असती. पण कुलूप लावून झाल्यावर त्याने ते तीनदा ओढून बघितलं होतं आणि तिने ते पाहिलं होतं.

जून गेला. दिवस असे जाऊ लागले की सकाळ आणि दुपार यांत फरक फक्त टीव्हीवरच्या कार्यक्रमांचा. ती काचेला कपाळ लावून लाव्यांची पिल्लं मोठी होताना बघायची. बाहेर सगळं हिंडत-फिरत होतं. ती आतून बघत होती. कधी कधी उपासना झोपली की ती पुढचं दार उघडून उभी राहायची. समोर रिकामा रस्ता, रिकामी घरं, आणि तोंडावर भट्टीची झळ. कुठे जायचं? ती दार लावून घ्यायची. जूनपर्यंत लांबलेल्या जयंतीला कुणाच्या घरी चार कुटुंबं जमली होती, त्यांतल्या एका बाईने विचारलं, "दिवसभर काय करता हो?" तर तिला रडू आलं आणि तिने कांद्याचं निमित्त सांगितलं.

जुलैत एका सकाळी एसी बंद पडला. आधी तो घरघरला, मग नुसता पंखा फिरला, मग तोही थांबला. घर बघता बघता तापलं. खिडकी उघडली तर बाहेरची हवा आतल्याहून गरम. तिने विवेकच्या पेजरवर नंबर टाकला. ज्या भागात तो काम करत होता तिथे पेजर नेता येत नसे. तो त्याच्या टेबलावर वाजत राहिला असणार. तिने चादरी ओल्या करून टांगल्या, मीठ-साखरेचं पाणी केलं, उपासनाला घोट घोट पाजलं. मुलांचं अंग तापणं तिने हजारदा पाहिलं होतं. उपासनाचे गाल लाल झाले होते आणि तिने बडबड थांबवली होती, हे लक्षण तिला आवडलं नाही.

निदान रिकाम्या घराच्या सावलीच्या बाजूला तरी जाऊन बसू, म्हणून तिने पुढचं दार उघडलं. आणि आवाज आला. खुळखुळ्यासारखा, पण थांबत नव्हता. पायरीवर, दाराखालून येणाऱ्या गारव्याच्या आशेने, वेटोळं घालून साप बसला होता. शेपटी उभी, थरथरती.

तिने दार इतक्या हळू लावलं की कडीचाही आवाज झाला नाही. गराजचं दार त्याच पायरीला लागून होतं. ते वर केलं असतं तर साप सावली बघून आतच आला असता. खिडक्यांना घट्ट ठोकलेल्या जाळ्या, आणि मागच्या दाराला कुलूप.

तिने नऊशे अकरा फिरवला. आपलं इंग्रजी समजेल की नाही, म्हणून तिने एकेक शब्द सुटा उच्चारला. "साप," ती म्हणाली. "खुळखुळ्याचा. दारात. एसी बंद. माझी मुलगी लहान आहे."

"मागच्या दाराने बाहेर पडता येईल का, मॅम?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"नाही."

"का नाही?"

संघमित्राने रुळातल्या कुलपाकडे बघितलं. मग म्हणाली, "लवकर पाठवा."

फायर ब्रिगेडची लाल गाडी आली. तिथे साप धरणं त्यांचंच काम. लांब चिमट्याने त्यांनी साप उचलला, झाकणाच्या बादलीत घातला. "मारणार नाही ना?" तिने विचारलं. त्यांचा प्रमुख, पांढऱ्या मिशांचा उंच माणूस, नाही म्हणाला. टेकाडापलीकडे सोडतो म्हणाला. मग त्याने उपासनाला गार पाणी दिलं, तिची नाडी बघितली आणि आत येऊन मागच्या दारापाशी थांबला.

"किल्ली कुठे आहे?"

"नवऱ्याकडे."

तो गुडघ्यावर बसला, म्हणजे बसलेल्या संघमित्राशी त्याला समोरासमोर बोलता येईल. "मॅम, या घरात तुम्हाला कोणापासून भीती आहे का?"

प्रश्न कळायला तिला वेळ लागला. कळला तेव्हा तिचं तोंड शरमेने तापलं. आपल्यासाठी की विवेकसाठी, तिला सांगता आलं नसतं. "नाही," ती म्हणाली. "त्याचा भाऊ साप चावून मेला. लहानपणी."

त्याने कुलूप हातात धरून बघितलं. मग म्हणाला, "आय ॲम सॉरी. पण आज आग लागली असती तर? मी हे तोडू शकतो. घर तुमचं आहे, तुम्ही सांगा."

दोन वर्षं, तीन वर्षं तिला कोणी असं विचारलं नव्हतं. ती उठून उभी राहिली, वॉर्डात राहायची तशी.

"तोडा," ती म्हणाली.

विवेक संध्याकाळी आला तेव्हा एसी दुरुस्त झाला होता आणि तुटलेलं कुलूप जेवणाच्या टेबलावर होतं. त्याने ते पाहिलं. "कोणी तोडलं?"

"मी तोडायला लावलं."

"आणि साप आत आला असता तर?"

"साप आला होता. पुढच्या दाराशी. मागून जायला वाट नव्हती." तिने आवाज चढवला नाही. "अहो, तुमच्या मोरेश्वरला तुम्ही मारलं नाही. पण आम्हाला कोंडून तो परत येणार नाही."

तो खुर्चीवर बसला. रडला नाही, माफीही मागितली नाही. उपासना येऊन त्याच्या मांडीवर चढली आणि सापाची गोष्ट इंग्रजीतून सांगू लागली, तेव्हा त्याने तिला इतकं घट्ट धरलं की ती "बाबा, टू टाइट" म्हणाली. त्या आठवड्यात तो रोज उशिरा घरी आला. रविवारी उजाडताना मात्र त्याने गाडीची चावी तिच्यासमोर धरली. शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तो तिला शिकवू लागला. वाईट शिकवायचा, सारखा ओरडायचा, आणि ती त्याहून मोठ्याने ओरडायची.

दुसऱ्या खेपेला तिला लायसन्स मिळालं. थंडी सुरू झाली. शुक्रवारी विवेक एका सहकाऱ्याबरोबर कामावर जायचा आणि गाडी तिच्याकडे राहायची. पहिल्या शुक्रवारी ती उपासनाला मागे बसवून निघाली. दुकानाकडे गाडी वळवायची तिथे तिने वळवली नाही. ती सरळ गेली, शहरातल्या मुलांच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत, आणि पार्किंगमध्ये गाडी लावून बसली.

पाळी बदलत होती. नर्सेस बाहेर येत होत्या, केस सोडत, बूट घासत, थकल्या आवाजात एकमेकींशी बोलत. तशाच दुसऱ्या आत जात होत्या. एकीने काचेतून उपासनाला हात केला.

"आई, आर वी गोइंग इन?"

"नाही."

"व्हाय?"

"आईला इथे काम करायची परवानगी नाही अजून," संघमित्रा म्हणाली. सगळ्या जणी आत जाईपर्यंत ती बसून राहिली. मग तिने गाडी सुरू केली, आरशात बघितलं, आणि घराकडे वळवली.