मारोतीमामांचा हात

मारोतीमामा कापसाच्या हंगामात चमच्यानं जेवायचे. पिठलं-भाकरीसुद्धा. दिवाळीपासून होळीपर्यंत बोटांना तेल लागू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. सेलूच्या आमच्या जिनिंग कारखान्यातले हमाल त्यांना 'साहेब' म्हणून चिडवत. मामा काला चमच्यानं ढवळत शांतपणे म्हणत, "बोटाला तेल लागलं की बोट खोटं बोलतंय." कुणी हात मिळवायला आलं, तर हात पाठीमागं नेऊन लांबूनच जयभीम.

मामा तिथले ग्रेडर. शेतकऱ्याचा टेम्पो आत आला की ते ढिगात कोपरापर्यंत हात घालत, डोळे मिटत आणि ओल किती ते सांगत. त्यावरून कापूस पहिल्या प्रतीचा की दुसऱ्या, हे ठरे. तीस वर्षं त्या हातावर कुणी शंका घेतली नव्हती.

मग मालकांनी ओल मोजायचं यंत्र आणलं आणि ते चालवायला मला. कॉम्प्युटरचा कोर्स झालेली, कापसातलं ओ की ठो न कळणारी. मामा माझा राग करतील असं वाटलं होतं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात ढिगात घालायला लावला. "आधी कापूस काय म्हनायलाय ते ऐक. मग तुझ्या मशीनला इचार." मला काहीच ऐकू आलं नाही आणि ते खूप हसले. पुढं आमचा खेळच झाला. आधी मामांनी आकडा सांगायचा, मग मी यंत्राची सळई खुपसून पडद्यावरचा आकडा वाचायचा. दोन्ही जुळत. "आज बी आमी पास," म्हणत ते पुढच्या टेम्पोकडं वळत. नोकरीतले माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच.

तिसऱ्या हंगामात कोरडा कापूसही मामांना ओला लागू लागला. शुगरनं त्यांची बोटं बधिर होत चालली होती, हे मला नंतर कळलं. पावतीवर यंत्राचाच आकडा घालायचा असा मालकांचा नियम होता. फरक दिसला असता तर मामांना घरीच बसवलं असतं. म्हणून मी मामांचाच आकडा पडद्यावर असल्यासारखा वाचत गेले, तोच पावतीवर घालत गेले. मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

असं सुरू केल्याच्या आठव्या दिवशी पालमकडचा एक शेतकरी अडून बसला. चांगला वाळवून आणलेला कापूस ओला कसा, मशीन मला दाखवा, म्हणाला. मामांनी बारा टक्के सांगितले होते. ते स्वतः वाकून पडद्याकडं बघू लागले. आठ. पुन्हा सळई घालायला लावली. आठच.

"किती दिवसापासून?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. ते रागावले नाहीत. त्या दिवसांत दुसऱ्या प्रतीत ढकललेल्यांची नावं त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली. अकरा निघाली. मालक म्हणाले, झालं गेलं सोडून द्या, उगीच जिनिंगचं नाव खराब होईल. मामांनी त्यांना हात जोडले आणि काम सोडलं.

मग ते एसटीनं एकेका गावी जाऊ लागले. शेवटच्या गावाला मी हट्टानं सोबत गेले. अंगणात उभं राहूनच मामा म्हणाले, "पाव्हनं, तुमचा कापूस कोरडा व्हता. माजा हात चुकला."

वजन वाढावं म्हणून काही जण कापसावर पाणी मारतात. समोरचा शेतकरी म्हणाला, "मी बायकोलाच लय बोललो. तूच पानी मारलंस, म्हनलं. तिनं शपथ घेतली तरी ऐकलं न्हाई." त्याची बायको दारातच उभी होती. नुसती मामांकडं बघत राहिली.

परतीच्या बसची वाट पाहताना मला रडू आवरेना. तुमची नोकरी जाऊ नये म्हणून केलं, एवढंच मला म्हणता आलं.

"तू माजी इज्जत राखायला गेलीस, बाई," मामा म्हणाले. "पण कापूस त्येंचा व्हता."

मामा मागच्या वर्षी गेले. मी आता एका कंपनीत मालाची तपासणी करते. जवळच्या माणसाची चूक पडद्यावर दिसली की झाकून टाकावीशी अजूनही वाटते. मग दारात उभी असलेली ती बाई आठवते, आणि मी खरा आकडा घालते.