ज्याची पिशवी त्याच्या दारात

अमेरिकेत, पिस्कॅटवेला राहायला आलो त्या वर्षीची गोष्ट. शनिवारी सकाळी दार उघडलं, तर पायपुसण्यावर आमचीच कचऱ्याची पिशवी! आदल्या दिवशी मी ती कॉम्प्लेक्सच्या मोठ्या डब्यात टाकून आले होते. शेजारी त्याच पिशवीत टाकलेली लोणच्याची रिकामी बरणी, घासून चकचकीत केलेली.

माझं डोकंच फिरलं. हा उद्योग समोरच्या कुर्दिश बाईचा, यात शंका नव्हती. ती रोज त्या डब्यात वाकून काहीतरी शोधत असायची. नवरा आणि दोन मुलींसह तिने जपानमध्ये सात वर्षं आश्रय मागितला होता. तिथे तो मिळाला नाही, शेवटी अमेरिकेने घेतलं.

मी पिशवी घेऊन तिचं दार वाजवलं. तिने आधी मला बसवलं, चहा दिला, मग मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुझीच ना? आत तुझ्या पत्त्याचं पाकीट होतं. काचेच्या कचऱ्यासाठी डबा वेगळा आहे."

"असेल! म्हणून दारात आणून ठेवायची?"

ती खुदकन हसली. "जपानमध्ये कोणीही कचरा नीट वेगळा केला नाही की शेजारी ती पिशवी आमच्या दारात आणून ठेवायचे. परदेशी ना आम्ही! सात वर्षं मी लोकांचा कचरा निवडला. म्हटलं, ज्याची पिशवी त्याच्याच दारात ठेवून कसं वाटतं, ते एकदा बघावं."

"मग? कसं वाटलं?"

"फार छान," ती म्हणाली आणि माझा कप पुन्हा भरला.