डाव्या बुटाचा मुरूम

मधू गेला त्या रविवारी मी हुलग्याची शेंगोळी करून त्याची वाट बघत बसले होते. मधुकर माझा धाकटा भाऊ. कोपरगावकडे साखर कारखान्यात फिटर होता, रिटायर झाल्यावर राहुरीला राहायला आला आणि तेव्हापासून दर रविवारी सायकलवर माझ्याकडे सावेडीला यायचा. उजाडता निघायचा आणि दहाच्या आत आमच्या जिन्याखाली घंटी वाजवायचा. त्या दिवशी साडेदहा झाले, अकरा वाजले. मला राग आला, कारण शेंगोळी गार झाली की खाण्यात काही अर्थ राहत नाही. मग शेजारच्या बाईंकडे फोन आला आणि त्या माझ्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या... मी म्हटलं, "बोला की, कोण गेलं?" बातमी आणायची आणि बोलायचं नाही, ही तऱ्हा मला कळत नाही.

विळद घाटाच्या माथ्यावर, सायकलवरच गेला. हृदय बंद पडलं. जमलेल्या लोकांनी त्याला उचलायला घेतलं तर उजवा पाय सायकलपासून सुटेना. दोघांनी ओढून पाहिला, पायडल आणि बूट एकमेकांना सोडेनात. शेवटी बुटाचा पट्टा उघडून नुसता पाय बाहेर काढला. मधू एका पायात बूट आणि एका पायात मोजा असा घरी आला. दुसरा बूट सायकललाच राहिला.

दोन महिने झाले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नात म्हणाली, "आजी, पेपरच्या पुरवणीत असं लिहिलेलं छापतात, तू लिही, मी शुद्धलेखन बघते." म्हणून लिहिते आहे. मधू फार थोर होता असं मी लिहिणार नाही. हट्टी होता, जेवताना मचमच आवाज करायचा आणि दुसऱ्याच्या घरातला नळ गळत असला तर न विचारता खोलून बसायचा. पण त्या बुटांचं मला काही केल्या उलगडत नाही, म्हणून त्यांचंच लिहिते.

विळदचा घाट त्याला सायकलवर बसून कधी चढता आला नाही. दर वेळी अर्ध्यात उतरून सायकल ढकलायची. "आक्का, एवढ्या वर्षांत एकदाबी पाय न टेकवता वर आलो न्हाई," असं तो माझ्याकडे येऊन पाणी पिता पिता सांगायचा. मी म्हणायचे, "मग एसटीनं ये." हेच गाऱ्हाणं त्याने मुलालाही सांगितलं असणार. त्याचा मुलगा प्रवीण कंपनीच्या कामाने जर्मनीला गेला होता. त्याने इकडे येणाऱ्या एका मित्राबरोबर खोकं पाठवलं. त्या वेळी आमच्या घराला रंग लावायचं काम चालू होतं, म्हणून मी महिनाभर राहुरीलाच होते. पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

खोक्यात वर बूट होते. काळे, हलके, तळाला लोखंडाचा तुकडा बसवलेला. मधूला वाटलं परदेशी बूट असेच असतात. ते घालून तो एका लग्नाला गेला. मंगल कार्यालयात टक टक आवाज करत चालला की बसलेली माणसं मागे वळून बघत. माझी भावजय सुलोचना म्हणाली, "अहो, नाल ठोकलाय का काय तुमाला?" दुसऱ्या दिवशी घरातल्या फरशीवर घसरून पडला, तेव्हा बूट घेऊन चांभाराकडे गेला आणि लोखंड घासून काढ म्हणाला. चांभाराने बूट उलटा करून बराच वेळ बघितला. "साहेब, ह्याला स्क्रू हायेत. हे कशाला तरी जोडायचं असनार. मी न्हाई हात लावत." या सगळ्या प्रकरणात तेवढा एकच माणूस शहाणा निघाला.

खोक्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेली दोन पायडलं होती. पायडल तरी कसलं, पाय ठेवायला जागाच नाही, बोटभर लांबीचा नुसता चिमटा. आम्ही ठरवलं की प्रवीणने सामान अर्धवट पाठवलं. मग त्याचा फोन आला आणि कळलं की बूट त्या चिमट्यात अडकवायचा. पाय सायकलला पक्का झाला की पायडल खाली दाबताना आणि वर घेताना, दोन्ही वेळेला जोर लागतो, चढ सोपा जातो. मी विचारलं, "म्हणजे पाय बांधून घ्यायचे?" मधू ऐकत नव्हता. चिमटा डोळ्याजवळ धरून म्हणाला, "आतमधी स्प्रिंग हाय." संध्याकाळपर्यंत त्याने दोन्ही पायडलं बसवली. डाव्याचे आटे उलटे असतात, हेही मला त्याच दिवशी कळलं. पाय अडकवायचा कसा ते प्रवीणने सांगितलं, पण सोडवायचा कसा हे विचारायचं राहिलं आणि फोन कट झाला. सोबत एक कागद होता, त्यावरची एकही भाषा आमची नव्हती. चित्रात एक वाकडा बाण होता. मधू म्हणाला, पायडल कसं फिरतं ते दाखवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीच्या मैदानात गेला. दोन्ही पाय टक् टक् करून अडकले, दोन चकरा झकास मारल्या. थांबायला गेला आणि उभ्या सायकलसकट पोतं कलंडावं तसा सावकाश बाजूला पडला. पाय वर ओढत होता आणि पाय येत नव्हता. उठला, पुन्हा बसला, पुन्हा तसाच पडला. तिसऱ्या वेळी कोपर सोललं. ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "मालच खराब हाय. आक्का, तूच सांग, वरून दाबून जे आत जातंय ते वर वढल्यावर यायला पायजे का नको?"

सुलोचना म्हणाली, "ते कपाटात ठिवा आन गप चहा घ्या."

मी मेथी निवडत होते. मी म्हटलं, "चिखलातून पाय कसा काढतोस?"

आमचे आईवडील दुसऱ्याच्या उसात मजुरीला जायचे. दारं धरायला, म्हणजे उसाच्या वाफ्यांत पाणी फिरवायला, आम्हा दोघांनाही जावं लागे. काळ्या रानात पाणी मुरलं की पाय पोटरीपर्यंत आत जातो. वर ओढला की माती आणखी घट्ट धरते. मधू सहा वर्षांचा असताना असाच रुतला आणि रडायला लागला, तेव्हा मी त्याला शिकवलं होतं की आधी टाच बाहेर फिरवायची, माती ढिली होते, मग पाय आपोआप येतो. ओट्यावरून मी तेच सांगितलं. "टाच बाहेर फिरव. म्हशीसारखा वढू नको."

तो उठला, भिंतीला हात लावून सायकलवर बसला, पाय अडकवला आणि टाच फिरवली. टक्. बूट बाहेर. पुन्हा अडकवला, पुन्हा फिरवली. वीस वेळा तरी केलं असेल. सुलोचनाला हाक मारून म्हणाला, "अगं, चौथी पास बाईनं फिटरला शिकवलं." मग तो वाकडा बाण बघून किती तरी वेळ हसत होता.

मी सावेडीला परत आले. त्यानंतर चार रविवार तो ते बूट घालून आला. शनिवारी तारेच्या ब्रशने बुटांचा तळ घासायचा, आत माती अडकली तर चिमटा धरत नाही म्हणून. आला की मी विचारायचे, "चढलास?" "न्हाई, निम्म्यात पाय टेकला." चौथ्या रविवारी म्हणाला, "वरच्या वळनापर्यंत आलो." पाचव्या रविवारी आलाच नाही.

मधूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीला माणसं बसलेली असताना, सुलोचना मला म्हणाली, "आक्का, तुमी शिकवलं नसतं तर ते बूट कपाटात गेले असते." ती खोटं कुठे बोलत होती? प्रवीण आला होता. त्याने भिंतीला लावलेल्या सायकलकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच दिवशी घाटमाथ्यावरचा चहावाला भेटायला आला. त्याने सांगितलं, "बाबा वर आले, थांबले. डावा पाय खाली टेकला आन हँडलवर डोकं ठिवलं. मला वाटलं दम खात्यात. पानी घेऊन गेलो तर..."

"डावा पाय त्यानं स्वतः काढला?" मी विचारलं.

"व्हय. एकदम सावकाश. पडले न्हाईत ते."

"आणि घाट चढताना पाहिलात त्याला?"

"न्हाई, गिऱ्हाईक हुतं."

प्रवीण म्हणाला, थांबताना एकच पाय काढायचा असतो, दुसरा अडकलेलाच ठेवतात. म्हणजे मधू अडकून पडला नाही. टाच फिरवून, पाय टेकवून, नीट थांबला. डॉक्टर म्हणाले होते की हे खुर्चीत बसल्या बसल्याही झालं असतं. पण डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगत असतील. मला दुसरंच काही छळतं. त्या दिवशी तो पाय न टेकवता वर आला का? आला असेल तर त्या चढानेच त्याला नेलं आणि ते बूट वापरात आणणारी युक्ती माझी. पण मग त्याला पाहिजे होतं ते मिळालं. मध्ये टेकला असेल तर माझ्याकडे दोष कमी येतो, पण त्याचं घाट चढायचं तसंच राहून गेलं. यातलं कोणतं खरं निघावं असं मला वाटतं, तेच मला कळत नाही. कुणी सायकलवाला हे वाचत असेल तर त्याला काही सांगता येईल का, कोण जाणे...

मागच्या आठवड्यात राहुरीला गेले. उजवा बूट अजून पायडललाच होता. सुलोचना म्हणाली, "कुनाकडनं निघंना. तुमीच काढा." मी खाली बसले, बुटाची टाच धरून बाहेर फिरवली. टक्. तळ स्वच्छ होता, शनिवारी घासला तसा. मग कॉटखालचा डावा बूट काढून उलटा केला. त्याच्या लोखंडात मुरूम भरलेला. त्यांच्या ओट्याला फरशी आहे, पुढे सगळी डांबरी सडक. मुरूम घाटातच, रस्त्याच्या कडेला. मी बूट उजेडात धरून पुष्कळ वेळ बघितला. पाय एकदाच टेकला की चारदा, ते मुरमावरून कळत नाही.

"धुऊन ठिवू का?" सुलोचनाने विचारलं.

"उजवा धू," मी म्हटलं. "डावा राहू दे तसाच."