मांजरीचा करदोटा

आमचे मालक, मुंजाजी, राणीसावरगावच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. उधळलेला बैल वेसणीला धरून उभा करणारा माणूस, पण मांजर दिसली की ह्यांचे पाय बाजेवर. मी लय हसायचे. त्यावर म्हणायचे, "बैल मारायच्या आधी शिंग हलवतो. मांजर काय सांगून मारती का?"

आन् ह्याच माणसाच्या वाट्याला गौरामावशीची चंद्री आली.

गौरामावशी आमच्या शेजारची. तिचे मालक वारलेले, लेकरूबाळ न्हाई. चंद्री पिल्लू होती तवा दृष्ट लागू नये म्हणून मावशीनं तिच्या गळ्यात काळा करदोटा बांधला, लेकराच्या कमरेला बांधतात तसा. मांजर वाढली, करदोटा थोडाच वाढतो? केसांत गेला तो दिसंना. गळ्यात रुतून जखम झाली तवा कळलं. चंद्रीनं दूध सोडलं. हात लावंल त्याला बोचकारायची. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं तर विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत यष्ट्या बंद. "लेकीचा गळा मीच कापला गं," म्हणून मावशी रडायची. मलाबी लय वाईट वाटायचं.

दवाखान्यातले डॉक्टर नवे, तरणे. म्हणाले, "ही सुई टोचू देणार नाही." बिनसुईच्या पिचकारीत भुलीचं औषध भरून दिलं. "फिसकारली की तोंडात सोडा, मुंजाजी."

म्हणजे आधी तिला फिसकारायला लावायचं. मालकांनी हाताला घोंगडं गुंडाळलं, देवाचं नाव घेतलं आन् म्हणले, "का गं भवाने?" चंद्रीनं जबडा वासला. ह्यांनी पिचकारी मारली आन् सोताचेच डोळे मिटून घेतले. तरी नेम लागला. चंद्रीच्या तोंडाला फेस आला, जरा वेळानं झोकांड्या खात आडवी झाली. डॉक्टरांनी करदोटा कापून काढला, जखम धुतली आन् गावात एक गाय अडली होती तिकडं गेले.

मावशी आत आली. चंद्री पडलेली, डोळे सताड उघडे.

"मारलीस रे मुंजा माझी लेक."

ह्या औषधानं डोळे उघडेच राहतात, असं मालक सांगायलेत, पण ऐकतंय कोण. मावशीनं चंद्रीच्या कपाळाला विभूती लावली. बाया जमल्या. एक म्हणली, "आता काशीला सोन्याची मांजर वाहावी लागती." मी म्हणलं, "माझ्या अंगावरच्या सोन्यात उंदीरबी व्हायचा न्हाई."

मालक चंद्रीला मांडीवर घेऊन बसले. पोटावर हात ठेवून श्वास बघायचे, डोळे सुकू नयेत म्हणून ओला कापूस पिळायचे. मावशीचा हात तिच्या पोटावर ठेवाय गेले, तर मावशीनं झिडकारला.

दिवस कलला तवा चंद्रीचं शेपूट हललं. मान उचलली आन् पहिलं ह्यांचंच मनगट बोचकारलं. रक्त गळायलंय आन् मालक हसायलेत. "घ्या मावशी, जित्ती हाय तुमची लेक."

दुसऱ्या दिवशी चंद्री दूध प्याली. मावशी नवा काळा करदोटा घेऊन आमच्या दारात. मालकांनी आडवा हात घातला. "आता मांजराला दोरा न्हाई, मावशी."

"तिला न्हाई रे. मला आता दोन लेकरं हायेत. हात कर."

मालकांनी गुपचूप हात पुढं केला. मी म्हणलं, "मावशी, जरा ढिला बांधा."