चिंगीचा शेवटचा फेरा

चिंगी हे नाव ऐकून नवखा माणूस हसायचा, कारण ती थोरवी होती, ओझी वाहणारं चांगलं दोन हत्तींएवढं जनावर. कळपात सगळ्यात लहान जन्मली म्हणून भीमाबाईच्या वडिलांनी, देवजींनी, हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. उरणच्या मिठागरांतलं मीठ तेव्हा थोरव्यांच्याच पाठीवरून पनवेलला जायचं. परातीएवढे त्यांचे पाय खाडीच्या चिखलात रुतत नसत, आणि सपाट पाठीवर चाळीस गोणी आरामात मावत.

देवजींना मुलगा नव्हता. गुडघेदुखीने ते घरी बसले तेव्हा एकोणीस वर्षांच्या भीमाने दावं हातात घेतलं. "पोरीच्या हाती थोरवी? खाडीत घालंल माल," असं मिठागरावरची माणसं म्हणाली. त्या हंगामात एकही गोण भिजली नाही. मग तीच माणसं "बाय, आमचाबी माल घे गं" म्हणत दारात येऊ लागली. पुढे लग्न झालं, गोरख झाला. दोन गोणींच्या बेचक्यात त्याला निजवून ती चालायची. पंचवीस वर्षं तीच वाट.

मग मिठागरं बुजली, त्यांवर कंटेनरची गोदामं आली. गोरख नवीन पनवेलला राहायला गेला. "आई, हिला एवढा चारा आणायचा कुठून? कर्नाळ्याच्या पायथ्याला कुरणात हिच्या जातीची सहा जनावरं आहेत. तिला तिथं सोड आणि तू माझ्याकडे ये," असं तो दोन वर्षं सांगत राहिला. गेल्या माघात ती कबूल झाली. एका पहाटे मायलेक चिंगीला घेऊन चालत निघाले.

पनवेलात जुन्या मीठगोदामाच्या जागी आता सात मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. त्या दुकानासमोर चिंगी थांबली आणि चारही पाय दुमडून भर रस्त्यात बसली. मागे रिक्षा तुंबल्या, हॉर्न सुरू झाले.

"आई, उठव ना तिला!"

"माल उतरल्याबिगर ती कदी उठलीय?"

"पण पाठ रिकामीच आहे!"

"ते तुला ठावं. तिला नाय."

भीमाबाईने पदर खोचला आणि दाव्याला धरून ती वर चढली. नसलेल्या गोणीखाली हात घालून तिने हुंकार दिला, चिंगीच्या पाठीवर थाप मारली आणि ती गोण खाली ढकलली. मग दुसरी. लोक मोबाइल काढून हसू लागले. गोरखने लाजून मान खाली घातली.

पाचव्या गोणीला गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. खांद्यावर टॉवेल टाकून तो चिंगीच्या कुशीला वाकून उभा राहिला. कमलाकर! याच गोदामावरचा हमाल. वीस वर्षांत तिने त्याला पाहिलं नव्हतं.

"टाक, भीमा. जरा हळू, मान धरलीय."

ती टाकत राहिली. तो एकेक गोण दुकानाच्या पायरीवर ठेवून परत येत राहिला. सोळाव्या गोणीला त्याला धाप लागली, तो पायरीवर टेकला. तेव्हा गोरख त्याच्या जागी येऊन वाकला. आता कुणी हसत नव्हतं. वाहतूक हवालदार मुलगी ओरडायला आली होती, तीही रिक्षा बाजूने काढून देऊ लागली.

चाळिसावी गोण उतरली, तशी भीमाबाईही खाली आली. कमलाकर बसल्या जागेवरून पूर्वीसारखा ओरडला, "उतरलाऽऽ!" चिंगीने अंग झाडलं आणि ती उठली. भीमाबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. चिंगीचं दावं धरून ती तशीच पुढे चालू लागली.

दिवस मावळताना कर्नाळा आला. कुरणातले थोरवे दिसताच चिंगी हुंगत त्यांच्याकडे गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. भीमाबाई बराच वेळ कुंपणाशी उभी होती.

"चल आई," गोरख म्हणाला.

"थांब जरा. खाऊ दे तिला."

हल्ली ती दर महिन्याला एसटीने जाते. हाक मारते. चिंगी कधी येते, कधी चरतच राहते. आली नाही तर भीमाबाई झाडाखाली बसून डबा खाते, तिला डोळे भरून पाहते आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परतते.