काळी सनई आणि गुंडप्पाचा ठोका

मुनवर पिंजारी आमच्या घरी गाद्या पिंजायला आला, की आई ओरडायची, "पोरींनो, कापूस नाकात जाईल, लांब बसा!" आम्ही कसल्या लांब बसतोय! पिंजणीची ताणलेली तात, म्हणजे तिची तार, तंव्व-तंव्व करू लागली, की तिच्या सुरात सूर मिसळून मुनवर गुणगुणायचा. कधी आळंदच्या उरसात ऐकलेली कव्वाली, कधी तुळजापूरच्या गोंधळ्यांचा संबळ, कधी मठातलं कानडी भजन. आमचे वडील, दादा, मुरुमच्या शाळेत मास्तर. त्यांनी एकदा विचारलं, "मुनवर, यातलं तुझं आवडतं कुठलं?"

"जे ऐकून तात आपोआप हलती ना मास्तर, ते."

लग्नसराईत मुनवर गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. गाव तिला काळी सनई म्हणे. ती काही त्याची नव्हती. अडतवाल्या कल्याणप्पांनी हैदराबादहून हौसेनं आणलेली. त्यांना स्वतःला फुंकर जमेना, म्हणून पेटीत पडून असायची. लग्न असलं की मुनवरनं पेटी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुसून परत करायची. उरलेलं वर्षभर त्याचा रियाझ चालायचा तो बायकोच्या, कुलसुमबीच्या लाटण्यावर. तिच्या घरी रोज ज्वारीची भाकरी, लाटणं लागायचं पाहुणे आले तरच. पण पाहुणे आले, की लाटणं नेमकं नवऱ्याच्या ओठांशी!

"बेलन देव जी! रोटी क्या कोपरसे लाटूं?" कुलसुमबीचा आवाज आमच्या परसापर्यंत यायचा.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी गुंडप्पा हॉटेलवाल्याच्या भावानं सिकंदराबादेहून गोऱ्या पलटणीनं मोडीत काढलेलं सामान आणलं. त्यात एक ग्रामोफोन होता आणि लेबल गेलेली एक विलायती तबकडी. 'जाझ' हा शब्द मी पुढं सोलापूरला कॉलेजात ऐकला. मुरुमात त्याला 'गोऱ्याचा गोंधळ' म्हणत. मुनवरनं तो पहिल्यांदा ऐकला आणि हातातला चहा तसाच गार झाला.

"सूर धरून बसत न्हाय ह्यो," तो म्हणाला. "घसरतोय. आपल्या कव्वालागत घसरतोय बघा!"

आता त्या तबकडीला एका जागी चरा पडलेला. सुई तिथं अडकायची, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायचा. गुंडप्पा चुलीपासून उठून येईपर्यंत तीनदा तरी व्हायचाच. मग तो ग्रामोफोनच्या पेटीवर बोटानं 'टक्' करायचा आणि गाणं पुढं सरकायचं. गावात दुसरा ग्रामोफोन कुणी बघितलेला? मुनवरनं आपल्यापुरता अर्थ लावला. गोंधळी कसा थांबतो आणि मागचे 'जी जी' करतात, तसाच हा गोराही साथीसाठी थांबत असणार. त्यानं चाल लाटण्यावर बसवली, तुकडा तीनदा घेऊन आणि ठोक्यासकट. पुढच्या लग्नांत ती वाजली आणि त्या जागी सगळा गाव हातानं 'टक्' करू लागला.

मग कल्याणप्पांच्या लेकीचं, शिवकांताचं लग्न ठरलं, सोलापूरच्या घराण्यात. त्यांनी मुनवरला बजावलं, "मोठी माणसं हाईत. हसं झालं आमचं, तर पेटीला कायमचं कुलूप. ध्यानात ठेव."

वऱ्हाड मुरुमात येऊन बसवण्णाच्या देवळात उतरलं. बँडवाल्यांनी अंदाज घ्यायला तीच चाल धरली आणि नवऱ्याचे मामा पंचाक्षरी खो-खो हसू लागले. "अहो, ही तबकडी माझ्या घरी आहे! यात तीनदा-बिनदा काही नाही. तुमची सुई अडकते, सुई!"

वऱ्हाडी हसले. कल्याणप्पांचा चेहरा पडला. आम्हा पोरींनाही कुठं बघावं कळेना.

मुनवरनं सनई खाली घेतली. "सुई अडकती व्हय?" तो हळूच म्हणाला. "मग मालक, खरं कसं हाय ते जरा गुणगुणता का?"

मामांनी गुणगुणून दाखवलं. मुनवरनं मान हलवली. मिरवणूक निघाली तेव्हा चाल अगदी खरी, मामांच्या तबकडीतल्यासारखी. पण ठोक्याची जागा आली, गावानं हात उचलले आणि चाल निघून गेली पुढं! ढोल चुकला, झांज अडखळली, मागचे पुढच्यांवर आदळले. हॉटेलाच्या दारात गुंडप्पा बोट वर करून तसाच उभा.

"मुनवर, माझा ठोका कुठं गेला रं?"

मुनवरनं कल्याणप्पांकडं बघितलं, मग सनईकडं. आणि त्यानं तो तुकडा मागं फिरून पुन्हा धरला. पहिल्यांदा कव्वालासारखा घसरवला. दुसऱ्यांदा संबळाच्या ठेक्यावर नाचवला. तिसऱ्यांदा सूर असा थरथरवला, की पिंजणीची तातच वाजतेय वाटावं. आणि थांबला.

गुंडप्पानं किटलीचं झाकण काढून दाराच्या चौकटीवर हाणलं. टक्! सगळ्या रस्त्यानं, टक्!

पुढच्या फेरीला पंचाक्षरीमामांची काठीही बरोब्बर त्या जागी दगडावर आपटली. मांडवाच्या दारी ते कल्याणप्पांना म्हणाले, "बुवा, माझी तबकडी तुम्ही बिनकामाची केलीत. आता ती ऐकताना चुकल्यासारखं वाटणार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनवर सनई पुसून, पेटी घेऊन कल्याणप्पांच्या दारात गेला. मी पानसुपारीचं ताट परत द्यायला गेले होते. कल्याणप्पांनी अडकित्त्यातून मान वर केली नाही.

"ने घरी."

"जी?"

"आमच्यात उंदरं लई झालीत. कुरतडून टाकतील. तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे कायमची."

मुनवर पेटी छातीशी धरून असा सुटला, की चपला तिथंच राहिल्या. थोड्या वेळानं आमच्या परसापलीकडून सनई ऐकू आली आणि मागोमाग कुलसुमबीचा आवाज, "मास्तरीणबाई, माझं लाटणं सुटलं वो! आज चपात्याच करते. पोरींना धाडून द्या."